एकसष्टावी ओळ

कादेकने कॉम्प्युटरच्या डोक्यावर नारळीच्या पानाची छोटी परडी ठेवली. परडीत तीन रंगांची फुलं, चार शितं आणि एक बिस्किट. उदबत्तीचा धूर तिने हाताने पडद्याकडे लोटला, डोळे मिटले आणि हलकेच म्हणाली, "आजचा दिवस सांभाळून घ्या."

"बिस्किट कुठलं ठेवलंस?" मागून क्लियानचा आवाज आला. "मागच्या वेळी खारं ठेवलंस आणि प्रिंटर अडकला."

"आज गोड आहे, पाक," ती म्हणाली. वडीलधाऱ्या पुरुषाला इथे पाक म्हणायचं.

"मग होईल काम."

तुम्पेक लांदेपचा शनिवार होता. लोखंडाच्या आणि धारेच्या वस्तूंचा दिवस. उमापूगेर बंजारात, म्हणजे त्या वस्तीत, सकाळपासून सुऱ्या, कोयते, स्कूटरी आणि चिखलणीची यंत्रं धुऊनपुसून, फुलं लावून दारोदार उभी होती. बालेतला, म्हणजे बंजारच्या सभामंडपातला, हा कॉम्प्युटर तसा प्लॅस्टिकचाच. पण आत कुठेतरी लोखंड असणारच, असं ठरवून त्यालाही दोन वर्षांपासून पूजेत घेतलं होतं. ठरवणारा अर्थात क्लियान. क्लियान म्हणजे बंजारचा प्रमुख, मादे मुद्रा. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा, आणि गेला महिनाभर झोप जवळजवळ नाही.

कारण न्गाबेन जवळ आलं होतं. पाच वर्षांत जेवढी माणसं गेली आणि दफनभूमीत वाट पाहत पडली, त्या सगळ्यांचं एकाच दिवशी दहन. आज दुपारी चारला सभा. सभेत मृतांची यादी वाचायची, घराघराने होकार द्यायचा, आणि संध्याकाळी ती यादी पदंडांच्या, म्हणजे मोठ्या पुरोहितांच्या, वाड्यावर पोचवायची. उद्या पहाटेपासून पदंडांच्या घरच्या बायका मोजून तेवढ्याच चंदनी मूर्ती आणि तेवढीच नावाची वस्त्रं तयार करायला बसणार. त्यानंतर नाव वाढवणं नाही. जो राहिला तो पुढच्या पाच वर्षांसाठी राहिला.

यादीचं काम कादेककडे आलं, कारण ती देनपासारला औषधांच्या गोदामात नोकरीला होती. कुठली पेटी कुठल्या दवाखान्यात गेली याच्या याद्या एकमेकींना जोडत बसणं हेच तिचं आठवडाभराचं काम. "दोन हजार औषधं जोडतेस, मग साठेक मेलेली माणसं तुला काय जड?" असं म्हणून क्लियानने दोन वह्या तिच्यापुढे ठेवल्या होत्या.

पहिली वही दफनभूमी सांभाळणाऱ्या लोद्रा आजोबांची, पेकाक लोद्रांची: कोण गेलं, कधी पुरलं, घरातला कर्ता कोण. दुसरी बंजारची: घराचा क्रमांक, कर्त्याचं नाव, देवघर कुठल्या दिशेला. कादेकने दोन्ही उतरवून घेतल्या होत्या. आता कॉम्प्युटरला एवढंच सांगायचं होतं, की या वहीतलं कर्त्याचं नाव आणि त्या वहीतलं कर्त्याचं नाव जुळेल तिथे दोन ओळींची एक ओळ कर. गोदामात याला जोड म्हणत. सोपं काम. दहाच्या आत संपवून शेजारच्या बायकांबरोबर पानं शिवायला बसायचं, असं तिच्या मनात होतं.

ती खुर्ची ओढून बसतेय, तेवढ्यात पायऱ्यांशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. पाठीत वाकलेली, पण पातळ नीटनेटकं, कमरेला पिवळा पट्टा घट्ट, हातात कापडाचं गाठोडं.

"यादी करतात ती पोरगी कुठेय?"

"मीच, दादोंग," कादेक त्या आजीला म्हणाली. "बसा ना."

"बसते मग. आधी सांग, माझ्या भावाचं नाव आलंय का? नेंगाह लेबाह. मी रेनिंग. इथलीच मी, पण चौदाव्या वर्षी लग्न होऊन डोंगरापलीकडे गेले, त्यामुळे मला इथं कुणी ओळखत नाही. जे ओळखायचे ते सगळे तुझ्या यादीत."

कादेकला हसू आलं. तिने लोद्रांची वही ओढली, बोट फिरवलं. अडतिसावं नाव. "हे बघा. इ नेंगाह लेबाह. आहे, दादोंग. नाव आहे."

म्हातारीने वाचता येत नसतानाही त्या ओळीकडे खूप वेळ पाहिलं. मग गाठोडं सोडून आतलं कापड दाखवलं. घरी विणलेलं, पांढरं, किनारीला एक पिवळा धागा. "त्याच्यासाठी. दोन वर्षं लागली. डोळे दिवसाला चार बोटंच विणू देतात." तिने कापड परत गुंडाळलं. "मी एक्याऐंशीची आहे, पोरी. पुढच्या न्गाबेनला मी काही यायची नाही. या वेळी त्याला वर पोचवला, की मी मोकळी."

"पोचवू, दादोंग," कादेक म्हणाली.

म्हातारी उठली आणि मंडपाच्या मागच्या अंगाला पानं शिवत बसलेल्या बायकांत जाऊन बसली. पाच मिनिटांत तिथून तिचं हसू ऐकू यायला लागलं.

कादेकने चार ओळींची क्वेरी लिहिली, कळ दाबली. पडद्यावर यादी सरसरत उतरली. खाली आकडा आला: चौऱ्याहत्तर.

तिने डोळे चोळले. वहीत मृत एकसष्ट होते. तिने स्वतः दोनदा मोजले होते.

"किती झाले?" क्लियान कॉफीचा पेला घेऊन आला.

"चौऱ्याहत्तर."

"चांगलंय की. भरपूर आहेत."

"पाक, मेलेत एकसष्ट."

क्लियानने पेला खाली ठेवला. "म्हणजे तेरा माणसं तू मारलीस?"

"मी नाही. हे बघा, वायान राय यांची आई. चारदा आलीय."

"चारदा कशी जाईल? एकदाच गेली. मी स्वतः खांदा दिला."

कादेकने यादी नावाप्रमाणे लावली आणि गोंधळ स्वच्छ समोर आला. या बेटावर पहिलं पोर झालं की वायान, दुसरं मादे. पुढे जोडायची नावंही ठरावीकच. बंजारात वायान राय चार होते. लोद्रांच्या वहीत नुसतं 'वायान राय' लिहिलेले तीन मृत. कॉम्प्युटर बिचारा आज्ञाधारक; त्याने प्रत्येक मृताला चारही वायान रायांच्या घरी नेऊन सोडलं. तिनाचे झाले बारा. मादे कारी दोन, त्यांच्या नावावर पाच मृत, त्यांचे झाले दहा.

"पेकाक लोद्रांना बोलवा," ती म्हणाली. "नावावर जोडून भागायचं नाही. घराचा क्रमांक लागेल."

पेकाक लोद्रा आले ते कोयत्याला धार लावता लावताच उठून. पंचाहत्तरी उलटलेला, काटकुळा माणूस, कानामागे जास्वंद, चेहऱ्यावर कायम कुणीतरी जागेवरून उठवल्याचा राग.

"माझ्या वहीत चूक नाही," त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं.

"नाहीच, पेकाक. फक्त हे वायान राय कुठले ते सांगा."

"कुठले म्हणजे? ही आई फणसवाल्या वायान रायची. हा चुलता घोरणाऱ्या वायान रायचा. आणि ही मुलगी…" ते थांबले, जास्वंद नीट केली. "ही मुलगी उत्तरेकडच्या. चांगली होती पोर."

"घोरणारा मी नाही," अंगणात डुकराचं मांस चिरत बसलेल्यांतून एक जण ओरडला. "घोरणारा तो, नदीकाठचा!"

"तुझ्या बायकोला विचारू का?" लोद्रा म्हणाले आणि अंगणात एकच हशा पिकला.

कादेकने ठरवलं की वायान राय आणि मादे कारीच कशाला, एकसष्टच्या एकसष्ट मृतांपुढे घराचा क्रमांक घालून घ्यावा. लोद्रांना बंजारचे सगळे क्रमांक तोंडपाठ. ती नाव वाचायची, ते डोळे मिटून आकडा सांगायचे. बावीस. एकतीस. सात. परत बावीस, त्या घराला पाच वर्षं वाईट गेली. नेंगाह लेबाहचं नाव आलं तेव्हा ते जरा थांबले, खाकरले, आणि म्हणाले, "एकोणीस." तिने एकोणीस लिहिलं.

पुन्हा कळ दाबली. सत्तावन्न.

"आता चार जणांना जिवंत केलंस," क्लियान म्हणाला. आता तो तिच्या खुर्चीमागून हलायलाच तयार नव्हता.

लोद्रांनी पडद्यावर नाक टेकवलं. "माझी आई कुठाय?"

"थांबा, पेकाक, बघते."

"बघते काय? चार नंबरचं घर. घालताना माझ्यासमोर घातलीस. कुठे पाठवलीस म्हातारीला?"

"त्या कधी सांगून जायच्या का कुठे?" क्लियानने मधेच तोंड घातलं.

"तू गप रे. तुला तिने लहानपणी कान धरून विहिरीवरून उतरवलाय."

कादेक एकेक करून तपासत गेली. गोदामात तिला एक सवय लागली होती. जोड फसली की जुळलेल्या ओळींकडे पाहायचं नाही. न जुळलेल्या बाहेर काढायच्या आणि त्यांना विचारायचं, बाई, तुझं काय बिनसलं? चार ओळी बाहेर आल्या. त्यांतल्या तीन एकाच रोगाच्या. बंजारच्या जुन्या वहीत दहाच्या आतली घरं शून्य लावून लिहिलेली होती: शून्य तीन, शून्य चार, शून्य सात. तिने नुसतं तीन, चार, सात लिहिलं होतं. माणसाला दोन्ही एकच. कॉम्प्युटर मात्र अक्षर अन् अक्षर ताडून बघत होता. तिने दोन्हीकडच्या क्रमांकांना आकडा म्हणून वाच, अक्षरं म्हणून नको, असं सांगितलं.

साठ.

"आली!" लोद्रांनी पडद्यावरच्या आईला बोटाने हलकेच टोचलं. "बस तिथेच. हलू नकोस." आणि ते कोयत्याकडे परत गेले.

"साठ," क्लियानने समाधानाने श्वास सोडला. "छान आकडा आहे. काढ प्रिंट."

"पाक, एकसष्ट हवेत."

"एक इकडेतिकडे."

उरलेली एक ओळ पडद्यावर एकटीच उभी होती. इ नेंगाह लेबाह, घर एकोणीस. आणि त्यापुढे सगळे रकाने रिकामे. बंजारच्या यादीत अठरा होतं, वीस होतं. एकोणीस नव्हतंच.

"एकोणिसावं घर कुठलं हो?"

क्लियानने डोकं खाजवलं. "ते होय? ते म्हाताऱ्या गेजेरचं. लेबाहचा बाप. मागच्या न्गाबेनला त्याचं दहन झालं आणि क्रमांक काढून टाकला. घर पडलं. आता तिथे पोरं व्हॉलीबॉल खेळतात."

"पण लेबाह तर नंतर गेले. बाप गेल्यावर घर त्यांचं नाही झालं?"

"त्याने लग्न कुठे केलं? देक, तू आठवडाभर शहरात राहतेस म्हणून रीत विसरलीस की काय? बंजारात नाव नवराबायकोचं लागतं, जोडीचं. एकट्याचं लागत नाही. बाप होता तोवर तो बापाच्या नावाखाली. बाप गेला, मग तो कुणाच्याच खाली नाही."

कादेक रीत विसरली नव्हती. तिचं स्वतःचं नाव त्या वहीत नवऱ्याच्या नावाला जोडून होतंच. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात क्लियाननेच ते लिहिलं होतं. फक्त त्या वहीत कोण नाही, हे तिने आजवर कधी पाहिलं नव्हतं.

"मग आता?"

"आता काय?" क्लियानचा आवाज जरा खाली आला. तो काही दगड नव्हता. "हे बघ. पदंडा नावापुढे घर विचारतात. उगीच नाही विचारत. राख समुद्रावर कोण नेणार? नंतर आत्म्याला घरच्या देवघरात कोण बसवणार, रोज सकाळी भाताचं शीत कोण ठेवणार? बहीण दुसऱ्या गावची झाली, तिचं देवघर वेगळं. घर नाही, तर नाव कुठे लिहू? राहू दे त्याला. निजलाय शांत. पाच वर्षांनी बघू."

"मी त्या दादोंगना सांगितलंय, नाव आहे म्हणून."

"ते तू सांगितलंस. मी नाही." असं म्हणून तो मंडप झाडून घ्यायला कुणावर तरी ओरडत निघून गेला.

मागच्या अंगाला दादोंग रेनिंग बायकांना सांगत होती, की लहानपणी भावाने तिला पाठीवर घेऊन ओढा ओलांडला आणि मधोमध सोडून दिली. "म्हणे, पोहायला शिकवतोय! शिकले मात्र." बायका हसत होत्या. कादेकचे हात कळांवर तसेच थांबले.

तिने आपलीच क्वेरी परत वाचली. सुरुवात बंजारच्या वहीपासून होती. घर घे, त्या घरातला मृत शोध, दोन्ही असतील तरच ओळ लिही. इतकी वर्षं ती असंच लिहीत आली होती, कारण गोदामात ज्या पेटीला दवाखाना नाही ती पेटी मोजायचीच नसते. पण आजची यादी घरांची नव्हती. गेलेल्यांची होती. मग सुरुवात गेलेल्यांपासून व्हायला हवी होती: वहीतला प्रत्येक मृत घे, घर सापडलं तर शेजारी लिही, नाही सापडलं तर जागा मोकळी ठेव, पण माणूस गाळू नकोस.

एक शब्द बदलला आणि दोन वह्यांची अदलाबदल केली, एवढंच. कळ दाबली.

एकसष्ट. ज्यांना घर नाही त्या ओळी आपोआप तळाशी जातात. तशी लेबाहची ओळ सगळ्यात शेवटी आली. नाव, पुरल्याची तारीख, आणि पुढे कोरा कागद.

तिने परडीतली विझत आलेली उदबत्ती सरळ केली आणि प्रिंट काढली. प्रिंटर अडकला नाही.

चारला मंडपाबाहेर टांगलेल्या लाकडी कुलकुलचे ठोके पडले. डोक्याला रुमाल बांधलेले पुरुष मांडी घालून बसले, बायका मागच्या बाजूला, मांडीवर अर्धवट शिवलेली पानं तशीच. कादेकने कागद क्लियानच्या हातात दिला. "शेवटच्या ओळीत घर रिकामं आहे, पाक."

"काय? मी तुला काय सांगितलं होतं?"

"माणूस आहे, म्हणून ओळ आहे. घर नाही, म्हणून रिकामं आहे. मी खोटं काहीच लिहिलेलं नाही."

क्लियानने तिच्याकडे पाहिलं, सभेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. नवा कागद काढायला वेळ नव्हता. तो पुटपुटला, घसा साफ केला आणि वाचायला लागला. एकेक नाव, एकेक घर. घराचा माणूस "इंगिह", म्हणजे होय, म्हणायचा, की क्लियान पुढे सरकायचा. घोरणाऱ्या वायान रायने होकार दिला तेव्हा मागून कुणीतरी घोरून दाखवलं. शून्य चारला पेकाक लोद्रांनी इतक्या मोठ्याने इंगिह म्हटलं की पानं शिवणारी एक बाई दचकली.

साठ झाले. क्लियान थांबला. कागद तसाच घडी करून खिशात घालता आला असता. समोर मागच्या रांगेत ती वाकलेली म्हातारी गाठोडं छातीशी धरून मान उंच करून बघत होती.

"इ नेंगाह लेबाह," त्याने वाचलं. "घर…"

क्लियानने कागद उलटा करून पाठीमागे पाहिलं.

"मागे छापलंय का?" कुणीतरी विचारलं.

"घर एकोणीस होतं. ते आता नाही."

"आहे की, व्हॉलीबॉलचं मैदान! लिहा, घर: मैदान."

"आणि शीत कोण ठेवणार? जाळ्याला बांधणार?"

थोडं हसणं झालं, मग ओसरलं. जुन्या माणसांतला एक म्हणाला, रीत ती रीत, घराशिवाय नाव जात नाही. दुसरा म्हणाला, मग त्याच्या अंगणात बसून आपण सगळ्यांनी ताडी पिली ती कुठल्या रीतीत होती? बोलणं दोन्ही बाजूंनी चढायला लागलं.

मग दादोंग रेनिंग उठून उभी राहिली. परगावच्या बाईने इथल्या सभेत बोलू नये, हे तिलाही ठाऊक होतं. ती आधी हात जोडून तेवढंच म्हणाली. मग म्हणाली, "मी फार नाही मागत. पाच वर्षांनी मी माझ्या गावच्या यादीत असेन. वर गेले की आईबाप विचारतील, नेंगाह कुठाय. मी काय सांगू? तो खाली व्हॉलीबॉल बघत बसलाय?"

या वेळी कुणी हसलं नाही. एकटी तीच किंचित हसली, आणि खाली बसली.

"चार लिही," पेकाक लोद्रा म्हणाले.

क्लियानला ऐकू आलं नाही असं नाही. "काय?"

"रिकाम्या जागेत चार लिही. माझं घर. किती वेळ लावतोस?"

"पेकाक, तुझ्या घरातून आधीच आई आहे."

"मग? लहानपणी त्याला तिनेच जेवू घातलंय. तिला काही गर्दी व्हायची नाही." ते कादेककडे वळले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कुठेतरी गेला होता. "तुला मी एकोणीस सांगितलं, पोरी. क्रमांक काढलाय हे मला माहीत होतं. क्रमांक काढला त्या दिवशी मी इथेच बसलो होतो. पण तू विचारलंस आणि 'काही नाही' असं तोंडातून निघेना. म्हटलं, असू दे एकोणीस, जाईल गर्दीत निभावून. तुझं यंत्र फार बारकाईने बघतं."

"माझ्या वहीत चूक नाही म्हणे!" फणसवाला वायान राय म्हणाला.

"चूक नाहीच. पत्ता जुना आहे."

क्लियानने पेन काढलं, पण लिहिलं नाही. घर म्हणजे जोडी. एकट्या पुरुषाच्या शब्दाने ते बांधलं जात नाही. त्याने मागे पाहिलं. "दादोंग रामी? तुमचं काय म्हणणं?"

लोद्रांची बायको पानांची काडी दातांत धरून बसली होती. तिने ती सावकाश काढली. "पन्नास वर्षांत याने मला विचारून काही केल्याचं आठवत नाही. आज पहिल्यांदा विचारताय, तर मला जरा विचार करू द्या." तिने विचार केला, तो अर्धं पान शिवून होईपर्यंत. "लेबाह आमच्याकडे न सांगता जेवायला यायचा. आता सांगून येतोय. येऊ दे. इंगिह."

क्लियानने चार लिहिलं. साऱ्या सभेने एकदम इंगिह म्हटलं, खरं तर त्यांनी म्हणायची गरज नव्हती.

सभा मोडली तशी दादोंग रेनिंग सरळ दादोंग रामीपाशी जाऊन बसली. आभार वगैरे काही तिने मानले नाहीत. ती चौकशी करायला लागली.

"सकाळी कॉफी ठेवता का देवघरात?"

"ठेवते की."

"साखर किती?"

"एक चमचा."

"तीन लागतात त्याला."

"तीन? दात?"

"दात आता कशाला लागतात?"

"बरं, तीन. आणि?"

"आणि वांगं ठेवू नका. वांगं पाहिलं की तो उठून जातो."

"अहो बाई, देवघरातून कुठे जाणार तो उठून?"

"तुम्ही ओळखत नाही त्याला." मग तिने गाठोडं उघडून ते पांढरं कापड दादोंग रामीच्या मांडीवर ठेवलं, किनारीचा पिवळा धागा वर येईल असं. दोघी म्हाताऱ्या त्या धाग्यावरून बोटं फिरवत बराच वेळ बोलत राहिल्या.

कादेक कॉम्प्युटरपाशी परत आली. पेनने लिहिलेली यादी पदंडांकडे नेणं बरं दिसणार नव्हतं. तिने लेबाहच्या ओळीत एकोणीस पुसून चार घातलं आणि क्वेरी पुन्हा चालवली. या वेळी तिने सुरुवात कुठल्याही वहीपासून केली असती तरी चाललं असतं. तरी ती गेलेल्यांपासूनच केली. एकसष्ट आले, सगळ्यांपुढे घर होतं, आणि लेबाह लोद्रांच्या आईच्या बरोबर खाली जाऊन बसला होता.

"दाखव ना," पाठीमागे दादोंग रेनिंग उभी होती. "कुठला तो?"

कादेकने ओळीवर बोट ठेवलं.

म्हातारीने डोळे बारीक केले. "एवढासा?"

"सगळी अक्षरं सारखीच असतात, दादोंग."

"पण तो उंच होता गं. दारातून वाकून यायचा. थोडं मोठं करता येतं का?"

यादीत असं करत नाहीत. कादेकला ते माहीत होतं. तिने ती एक ओळ निवडली आणि अक्षरं दोन मापांनी मोठी केली.

"अजून थोडं."

अजून थोडं.

"हां," म्हातारी म्हणाली. "आता तो."

क्लियान नव्या कागदासाठी हात पुढे करून आला, आणि छापून आलेली यादी वाचताच थबकला. "हे काय? हा एकटाच असा का दिसतोय? पदंडा विचारतील."

"विचारले तर सांगा," कादेक म्हणाली, "उंच होता म्हणून."

क्लियानने शेजारी उभ्या म्हातारीकडे पाहिलं. मग कागद तळहातांवर आडवा धरून, वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक चाफ्याचं फूल ठेवून, तो पदंडांच्या वाड्याकडे चालायला लागला.